तिसरा आग्रह

फ्रीमाँटच्या आमच्या ऑफिसात दुपारचे बारा वाजले की कॅफेटेरियातल्या खिडकीजवळच्या टेबलाला लांबून वळसा घालणारे काही लोक होते. त्या टेबलावर बारलिंगेकाकांचा डबा उघडायचा. चार कप्प्यांचा स्टीलचा डबा, नागपूरहून आणलेला, झाकणावर नाव कोरलेला. एकट्या माणसाला चार कप्पे कशाला लागतात, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारून बसलो. "एकट्यानं कोणी जेवते का, बाप्पा?" असं म्हणत त्यांनी माझ्या सॅलडवर झुणक्याचा एक डाव उपडा केला. त्या सॅलडमागे वजन कमी करण्याचा माझा मोठा संकल्प होता. तो त्या दिवशी झुणक्याखाली गेला, तो आजतागायत वर आलेला नाही.

मधुकर बारलिंगे तेव्हा बावन्न वर्षांचे होते आणि मी पुण्याहून आलेला, एकतीसचा. वयाच्या हिशेबानं ते काका. पण ऑफिसच्या तक्त्यात त्यांच्या नावावरची रेघ माझ्या नावाला येऊन मिळायची, म्हणून मिटिंगमध्ये मी त्यांना 'मधू' म्हणायचो. इंग्रजीत तू-तुम्हीचा घोळ नसल्यामुळे माझं निभावून जायचं. सकाळी दहाला मधूला रिपोर्ट मागायचा आणि बाराला काकांना लोणचं मागायचं, असं माझं दुहेरी आयुष्य सहा वर्षं सुरळीत चाललं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मिटिंगमध्ये मी 'मधू' म्हटलं की ते टेबलावरच्या कागदाकडे बघून हळूच हसायचे, घरातलं लहान पोर मोठ्यांच्या चपला घालून फिरताना दिसल्यावर हसतात तसे.

दिसायला अगदी साधे. केसांना तेल, चौकडीचा शर्ट, जूनमध्येसुद्धा हातात स्वेटर, खिशात पेन आणि सहा इंची पट्टी. ती पट्टी सॉफ्टवेअर तपासायला कशी उपयोगी पडते हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आमचं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. काका एकच बटण तीनदा दाबायचे. चूक दुरुस्त झाल्याचं कुणी कळवलं तरी तीनदा तपासल्याशिवाय ती बंद झाली असं मानायचे नाहीत. "पहिल्यांदा मशीन लाजते," ते म्हणायचे, "दुसऱ्यांदा खोटं बोलते. तिसऱ्यांदा खरं सांगते." माणसांबद्दलही त्यांचं मत हेच होतं. फरक इतकाच की माणसांना ते बटणाऐवजी लाडू दाबायचे.

यातूनच डगचं प्रकरण झालं. डग आमच्या शेजारच्या टीममधला, सव्वासहा फुटी, नुकताच डाएटवर गेलेला. काकांनी बेसनाचा लाडू पुढे केला. डग "नो, थँक्स" म्हणाला. काकांनी पुन्हा पुढे केला. डग पुन्हा नको म्हणाला, पण नजर लाडवावर. तिसऱ्यांदा काकांनी नुसतं "अरे, घे ना" एवढं मराठीत म्हटलं आणि डगनं घेतला. एक नाही, तीन. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी त्या टेबलाशी आला आणि काकांनी विचारायची वाट बघत उभा राहिला. मात्र हा सगळा किस्सा त्यानं हसत हसत कुणाला तरी सांगितला आणि तो एचआरच्या बाईंच्या कानावर गेला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की तुझ्या माणसाशी बोल.

मी नुकताच मॅनेजर लोकांसाठीचा दोन दिवसांचा कोर्स करून आलो होतो. प्रमाणपत्र भिंतीवर लावलं होतं. हाती नवी करवत आली की माणूस कापायला लाकूड शोधतो, तसं मी काकांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं आणि दार लावून घेतलं.

"काका, इथे एकदा नाही म्हटलं की नाही. दुसऱ्यांदा विचारायचं नाही. त्याला ते प्रेशर वाटतं."

"कोणाले, डगले?"

"कुणालाही. नाही म्हणजे नाही."

मग त्यांनी अगदी मनापासून, काहीतरी समजून घ्यायचंय अशा सुरात विचारलं, "म्हणजे ज्याला भूक लागली त्यानं पहिल्या खेपेलाच हो म्हणायचं? लाज नाही वाटत इथं लोकांना?"

मी म्हणालो, "नाही वाटत." तेवढं बोलून मी उठलो आणि त्या महिन्याच्या अहवालात 'टीममधल्या सदस्याला मार्गदर्शन केलं' असं लिहिलं.

त्यांच्या मुलीचं, मंजिरीचं, लग्न ठरलं ते पुढच्या वर्षी, दोन हजार चारच्या हिवाळ्यात. काका एकटेच इथे राहत. बायको आणि मुलगी नागपूरला. त्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज नेमका अशा टप्प्यावर होता, की वकील म्हणाला, आत्ता देशाबाहेर पाऊल टाकलंत तर अर्ज गेला समजा. काकांनी घरी फोन करून विचारलं. बायको म्हणाली, इतकी वर्षं काढलीत, आता नका येऊ. दुसऱ्यांदा विचारलं, ती पुन्हा नको म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारायला भीती वाटली," असं ते मला एकदा म्हणाले. "खरं सांगितलं असतं तिनं."

लग्नाच्या दिवशी सकाळी साडेसातला मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, तर शेजारच्या जुन्या टोयोटाच्या काचा आतून धुरकटलेल्या. आत काका. अंगात रेशमी कुडता, डोक्यावर टोपी, मांडीवर फोन कार्ड, कानाशी फोन. तिकडे नागपुरात रात्रीची पंगत बसली होती आणि त्यांचा धाकटा भाऊ मोबाइल हातात धरून पानापानांपुढे फिरत होता. मुलीच्या बापानं पंगतीत आग्रह करायचा असतो. काका तो फ्रीमाँटहून करत होते.

"कोण बसलं आता? देशमुख? अहो देशमुख, जिलबी घ्या... काहून नको? ... अहो एक... माझ्या नावानं एक तरी!" मग क्षणभर थांबून, समाधानानं, "हां. आता पुढे घे, सुधाकर."

प्रत्येक पानाला तीनदा. मध्येच फोन कार्डाच्या कंपनीचा रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज इंग्रजीत सांगायचा, की कार्डावर इतकी मिनिटं उरली. मी काचेवर टकटक केलं आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं. आठला मिटिंग होती. काकांनी एक बोट वर केलं: एक मिनिट. मी पुन्हा घड्याळ दाखवलं. आता हे लिहिताना वाटतं, की ती मिटिंग कशाबद्दल होती हे तरी मला आठवायला हवं होतं.

ते आठ वाजून पाच मिनिटांनी आले, कुडत्यावर जॅकेट घालून. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मधू, यू आर लेट." ते "सॉरी" म्हणून बसले. दुपारी डबा उघडला, पण हात आत गेला नाही. म्हणाले, "चार पानं राहिली हो. कार्ड संपलं. शेवटची चार पानं तशीच राहिली."

पुढे कितीतरी महिने हे वाक्य मधूनच यायचं. लिफ्टमध्ये, कॉफीच्या मशीनपाशी, प्रोग्रॅममधली चूक सापडली की: चार पानं राहिली. मग एके दिवशी यायचं बंद झालं. त्याच सुमाराला त्यांनी पिझ्झाची रिकामी खोकी गोळा करायला सुरुवात केली.

वर्षभरानं खेळ तयार झाला. नाव 'आग्रह'. पुठ्ठ्यावर रंगवलेली केळीची पाच पानं, मीठ-लिंबू-चटणी जिथल्या तिथे, सगळं त्या सहा इंची पट्टीनं मोजून आखलेलं. जिलब्या म्हणजे लॅबमधल्या पिवळ्या वायरची वेटोळी. लाडू म्हणजे लाकडी मणी. मठ्ठ्याच्या वाट्या म्हणजे बाटल्यांची बुचं. हे सगळं एका चपट्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा एका उपरण्यात बांधलेला.

नियम तीनच. सुरुवातीला प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळते; पोटात किती जागा आहे ते त्यात असतं आणि ते कुणाला सांगायचं नाही. मग पाळीपाळीनं एकेक जण यजमान होतो आणि जिलबी घेऊन दुसऱ्याच्या पानाशी जातो. हा पहिला नियम. दुसरा: भूक असो वा नसो, पाहुण्यानं दोनदा 'नको' म्हणायचंच, पानावर हात आडवा धरून. तिसरा: तिसऱ्यांदा विचारायचं की पुढे जायचं, हे यजमानानं पाहुण्याचा चेहरा बघून ठरवायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर पाहुण्याला घ्यावंच लागतं, आणि पोट भरलेलं निघालं तर यजमानाचा एक गुण जातो. पण न विचारता पुढे गेला आणि चिठ्ठीत जागा निघाली, म्हणजे पाहुणा भुकेला उठला, तर यजमान खेळातूनच बाद.

"ही शिक्षा फार नाही का?" मी विचारलं.

"जास्त खाल्लं तर माणूस सोडा पिते आणि विसरते," काका म्हणाले. "उपाशी उठला तर जन्मभर ध्यानात ठेवते."

हे नियम इंग्रजीत मी टाइप करून दिले. तिसरा नियम मी स्वतःच्या हातानं ठळक अक्षरांत केला होता. हे लक्षात असू द्या.

माझी बायको शुभदा जपानी किराणा दुकानातून तांदूळ आणायची. तिथे तिला एक पत्रक दिसलं: सॅन होझेला दोन दिवसांचं मोठं जपानी बोर्ड गेमचं संमेलन. खास जपानहून, हातानं खेळ बनवणारे हौशी लोक आपापले खेळ घेऊन येणार. ती म्हणाली, बारलिंगेकाकांना घेऊन जा, बिचारे शनिवार-रविवार एकटेच असतात. मी इंटरनेटवर तिकिटं काढायला बसलो आणि नेहमीच्या तडफेनं चुकीचा फॉर्म भरला. तो प्रेक्षकांचा नव्हताच, खेळ मांडणाऱ्यांचा होता. 'काय आणणार' या रकान्यात, तिथे जेवणाची सोय विचारतायत असं समजून, मी 'भारतीय जेवण, दोन माणसं' असं लिहिलं. आठवड्यानं अत्यंत अदबीची ईमेल आली: आपला 'भारतीय जेवण' हा खेळ आम्ही आनंदानं स्वीकारत आहोत, टेबल क्रमांक एकशे बारा.

मी रद्द करायला निघालो होतो. काकांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरळ झाले.

"टेबल देतात? आपल्या नावाचं?"

"हो, पण काका, आपण नुसतं बघायला..."

"तिथं लोक येऊन खेळ छापायलाही नेतात म्हणे. दुकानात ठेवतात." मग म्हणाले, "छापून आला ना, तर मंजूच्या घरी ठेवता येईल. दुकानातून आलेला डबा. सासरी सांगता येईल तिला, की बापानं वाढलं म्हणून."

मी रद्द केलं नाही. माझ्या चुकांमधली ही एकच फळाला येईल असं वाटत होतं.

असं संमेलन मी आधी कधी पाहिलं नव्हतं. विमानाच्या हँगरएवढा हॉल, शेकडो टेबलं, हजारो माणसं, आणि आवाज मात्र भर दुपारच्या वाचनालयाइतका. एका भिंतीशी म्हातारे गृहस्थ शोगी खेळत होते, म्हणजे त्यांचं बुद्धिबळ. लाकडी सोंगटी पटावर ठेवल्याचा तेवढा टक् असा आवाज. मधल्या रांगांत हौशी लोकांची टेबलं. डब्याएवढी खोकी, आतले पत्ते घरी कापलेले, कडा सँडपेपरनं घासलेल्या. बनवणारा टेबलामागे उभा राहून दोन्ही हातांनी नियमांचा कागद देणार आणि वाकणार. टेबलाला जागा रिकामी असेल तर लहानसं झेंडूच्या रंगाचं निशाण वर करणार.

मी पहिल्या अर्ध्या तासातच नाव काढलं. एका टेबलाची रांग लांबलचक होती. मी सहज शेवटी उभा राहिलो, तर पुढच्या मुलीनं वाकून माझ्या हातात काठीवरची एक पाटी दिली. जपानी अक्षरं होती. मला वाटलं, पाहुण्यांना भेट देतायत. मी मोठ्या झोकात ती खांद्यावर टाकून कॉफी आणायला गेलो. कॉफीच्या काउंटरपाशी मागे वळून बघतो तो वीसेक माणसं शिस्तीत माझ्या मागे उभी. त्या पाटीवर 'रांगेचा शेवट इथे' असं लिहिलं होतं. रांगेत शेवटच्या माणसानं ती धरायची आणि मागून येणाऱ्याला द्यायची असते. मी वाकलो, ते वाकले, पुन्हा मी वाकलो. काका एकशे बारा नंबरावरून हे बघून डोळे पुसत हसत होते. मी परत आल्यावर म्हणाले, "पंगत कुठंही बसवता तुम्ही, पुणेकर!"

शनिवारी सकाळी आमच्या टेबलाशी अमेरिकन पोरं येऊन बसली. पहिलीच जिलबी समोर आली आणि एकानं "शुअर!" म्हणून उचलली. काकांनी समजावलं, की नको म्हणायचं. पोरानं विचारलं, "पण मला हवी असेल तर मी नको का म्हणू?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियमांचा कागद चाळायला लागलो. मी तर कोर्स केलेला माणूस.

दुपारी एक वयस्क जपानी बाई बसल्या. नियमांचा कागद त्यांनी वाचला, तिसऱ्या नियमापाशी आल्या आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. शेजारच्या मैत्रिणीला तिथे बोट ठेवून दाखवलं, तीही हसली. मग खेळ सुरू झाला. काकांनी जिलबी पुढे केली. बाईंनी पानावर हात आडवा धरला, अगदी आमच्याकडच्या एखाद्या आत्याबाईंसारखा. दुसऱ्यांदा मान हलवली, डोळे मात्र जिलबीच्या वायरवर. तिसऱ्यांदा काकांनी विचारलं, तेव्हा त्यांनी असा काही निःश्वास सोडून ती घेतली, की आजूबाजूची चार माणसं टाळ्या वाजवायला लागली. एकही शब्द समजावून सांगावा लागला नाही. इतक्या वर्षांत मी काकांना इतकं मोकळं बघितलं नव्हतं. संध्याकाळी मुलगी-जावई सोडून सगळं नागपूर आमच्या टेबलाशी बसल्यासारखे ते वावरत होते.

त्या गर्दीच्या मागे तानाबे नावाचे एक गृहस्थ उभे होते. ओसाकात त्यांची खेळ छापणारी छोटी कंपनी होती. शनिवारी दोन डाव खेळले. रविवारी सकाळी पुन्हा आले, आणखी एक डाव खेळले, पानं न्याहाळली, पट्टीनं आखलेल्या रेघांवरून बोट फिरवलं. मग उभे राहिले. त्यांचं इंग्रजी मोजकं पण स्वच्छ होतं.

"मिस्टर बारलिंगे, हा खेळ आम्हाला छापू द्याल का?"

काकांचा चेहरा लाल झाला. "नो, नो, सर. धिस इज ओन्ली टाइमपास. पिझ्झा बॉक्सवर केलंय."

"आम्हाला फार आवडला. आम्ही चांगला छापू."

"नो, सर. तुमच्याकडे किती सुंदर खेळ आहेत. हे काय!" असं म्हणत काकांनी हात पुठ्ठ्यावर ठेवला. केळीच्या पानांवर. आडवा.

तानाबेंनी एकदा त्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. आज मला ती नजर स्पष्ट कळते. ते विचारत नव्हते; तिसऱ्यांदा बोलण्याआधी माणूस जरा थांबतो, तेवढेच थांबले होते. पण मला वाटलं, त्यांना अडचण झालीय. मला वाटलं, काकांवर प्रेशर येतंय. आणि ज्याच्या भिंतीवर प्रमाणपत्र आहे अशा माणसाच्या ठाम, नम्र, स्वच्छ इंग्रजीत मी म्हणालो, "ही इज सेइंग नो. आय अ‍ॅम सॉरी. त्यांचा निर्णय झालाय."

तानाबेंचं तोंड किंचित उघडलं होतं, ते मिटलं. ते वाकले, नेहमीपेक्षा खोल, आणि बराच वेळ वाकून राहिले. मग दोन्ही हातांनी आपलं कार्ड पुढे केलं. काकांचे हात जागचे हलेनात, म्हणून ते मीच घेतलं, एका हातानं, आणि जीन्सच्या मागच्या खिशात घातलं.

परतताना हायवेवर गाड्यांची गर्दी होती. काका शेजारी खेळाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हणालो, "मस्त झालं ना, काका? लोकांना आवडला."

"ते विचारणार होते," काका म्हणाले.

"कोण?"

"तानाबेसाहेब. श्वास घेतला होता त्यांनी."

मला कळायला पुढचं एक्झिट यावं लागलं. आणि कळल्यावर, माणूस आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायला बघतो तसं, मी म्हणालो, "पण मग तुम्ही हो का नाही म्हणालात?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. त्या कॉन्फरन्स रूममध्ये पाहिलं होतं तसंच, समजून घ्यायच्या सुरात.

"पहिल्या खेपेला?"

मी म्हणालो, कार्ड आहे, उद्याच फोन करू. काका म्हणाले, "आता? पानावर बसून आपणच मागायचं?" आणि थोड्या वेळानं, माझ्याच समाधानासाठी, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पुणेकर. तुम्हाला सवय नाही राहिली."

कार्डाचं काय झालं? जीन्स धुवायला गेली. शुभदानं मशिनमधून पांढऱ्या लगद्याचा एक गोळा काढून विचारलं, हे काय होतं? तरीही संमेलनवाल्यांना एक ईमेल टाकली असती तर पत्ता मिळाला असता. ती मी टाकली नाही. उद्या टाकू, परवा टाकू, असं करत राहिलो, कारण ती टाकायची म्हणजे 'त्या दिवशी मी चुकीचं बोललो' हे वाक्य लिहावं लागणार होतं. इतर चुका मी लोकांना रंगवून सांगतो. पाटीची गोष्ट तर पार्टीत दरवेळी सांगतो. ही सांगत नाही.

दोन हजार आठमध्ये वकिलाचं पत्र आलं. ज्या अर्जासाठी काका मुलीच्या लग्नाला गेले नव्हते, तो नामंजूर झाला होता. व्हिसाची मुदतही संपत होती. ऑफिसातल्या निरोप समारंभात डगनं भाषण केलं आणि मध्येच रडला. काकांनी चार कप्पे भरून लाडू आणले होते. प्रत्येकाला तीनदा विचारत होते. एचआरच्या बाईंनीसुद्धा तिसऱ्यांदा घेतला.

विमानतळावर त्यांना मी सोडायला गेलो. दोन बॅगा उतरवल्या. मग त्यांनी खांद्याच्या पिशवीतून उपरण्यात बांधलेला डबा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हा तुमच्याकडे राहू द्या."

मला तो हवा होता. पण तोंडातून आलं ते कुठल्या तरी जुन्या पंगतीतून आलं. "छे हो काका, मला कशाला? मंजिरीला द्या."

"तिला नवा करून देईन. तुम्ही नियम टाइप केले. ठेवा."

"नको, खरंच नको." आणि माझा हात आपोआप डब्यावर आडवा गेला.

मी वाट बघत होतो. मी अगदी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाले, "बरं. इथं तसंच असते." डबा पुन्हा पिशवीत गेला. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं, इतकंच. माझ्यापुरतं.

तपासणीची रांग काचेपलीकडे दिसत होती. डबा मशिनमधून गेला आणि पट्टा थांबला. वायरची वेटोळी आणि पत्र्याचा डबा, थांबणारच. एका धिप्पाड अधिकाऱ्यानं उपरण्याची गाठ सोडली आणि एक पिवळी जिलबी दोन बोटांत धरून उजेडासमोर नेली. काका हातवारे करून सांगत होते. पान, पंगत, वाढणं. अधिकाऱ्याला कितपत कळलं कोण जाणे, पण त्याचा चेहरा सैल झाला आणि त्यानं जिलबी परत केली. काकांनी ती घेतली नाही. घेऊन ठेवण्याऐवजी त्याच्याचकडे सरकवली. त्यानं मान हलवली. काकांनी पुन्हा सरकवली. त्यानं हसून तळहात आडवा केला.

काकांनी तिसऱ्यांदा हात पुढे केला.

अधिकाऱ्यानं मागच्या रांगेकडे पाहिलं, मग ती वायरची जिलबी उचलून खोटी खोटी तोंडाशी नेली. काकांचे खांदे हसताना हलले. त्यांनी डबा बंद केला, उपरण्याची गाठ दोनदा ओढून बघितली, पिशवी खांद्याला लावली आणि पुढच्या वळणावर, माझ्याकडे न बघता, दिसेनासे झाले.